आवाजाची खोली

मुलगा म्हणाला, टिळकवाडीत उतरा.
झाडं आहेत, रस्ता रुंद, रात्री एकदम शांत.
मुलाचं नाव प्रशांत. आम्हीच ठेवलेलं,
बत्तीस मागांच्या शेडला लागून
पाळण्यात वाकून, ओरडून.

मेहुणा म्हणाला, कॅम्पात राहा भावजी,
बेकरी जवळ, पहाटे पलटणीचा बिगुल.
म्हटलं, बिगुल ऐकू आला असता
तर कानाच्या डॉक्टरकडं बेळगावला कशाला आलो असतो?
स्टँडसमोरचे लॉज मागंच बघून झालेत,
उशीला दुसऱ्याच्या डोक्याचं तेल.
शहापुरात साडू आहे. पण साडूकडं
पहिल्या रात्री पाहुणा, दुसऱ्या रात्री जुना हिशेब.

पद्मिनी सगळ्यांचं ऐकून म्हणाली,
"दोन रात्री तर राहायचं. प्रशांत म्हणतोय तिथंच मी पिशव्या ठेवतो."
(आमच्याकडं बायकाही ठेवतो-येतोच म्हणतात.
पुण्याची सून अजून हसते.)

तर टिळकवाडी. पांढरी चादर, खिडकीला जाळी.
दुसऱ्या गेटवरून मालगाडी गेली
असं पद्मिनीनं सांगितलं.
मग तीही झोपली, आणि मी राहिलो.

छत्तीस वर्षं इचलकरंजीत जॉबर होतो.
शांत म्हणजे धागा तुटला.
शांत म्हणजे लाईट गेली.
एकदा शांत म्हणजे दत्तू म्हेत्र्याचा हात.
शांत झालं की मी पळत सुटायचो.
आता पळून जाणार कुठं,
टिळकवाडीत, लुंगीवर, रात्री दोनला?

सकाळी डॉक्टरनं कागद दाखवला.
डावीकडून उजवीकडं रेघ उतरत गेलेली,
घाटातून एसटी उतरावी तशी.
यंत्र उद्या लावून बघू म्हणाला.

बाहेर आलो आणि मल्लेशी रिक्षावाल्याला म्हटलं, वडगावला घे.
"साडी घ्यायची काय?"
"झोपायचंय."
त्यानं आरशातून आधी माझ्याकडं,
मग पद्मिनीकडं बघितलं. पद्मिनी बाहेर बघत होती.

तीन घरं विचारली. तिन्हीकडं
खोली दाखवायच्या आधी माफी मागितली:
आवाज आहे हो इथं.
तिसरी गंगव्वा. "बर्री, बर्री. पण आधीच सांगतो,
खाली माग हाईत. रात्रपाळी चालतीया.
मागचा भाडेकरू आठ दिवसांत पळाला."
"किती माग?"
"सहा होते. आता चारच."
चार तर चार. पिशवी ठेवली.

रात्री कानाला काहीच नाही.
भिंतीला तळवा लावला.
मग आलं ते खाटेच्या पायातून, कोपरातून,
तांब्यातल्या पाण्यावर बारीक वळ्या उठल्या.
एक, दोन, चार बरोबर.
तिसरा लंगडत होता, धोटा पोचायला उशीर.
सकाळी गंगव्वाला सांगायचं, असं ठरवलं
आणि ठरवता ठरवताच डोळा लागला.
पद्मिनी कानात कापूस घालून
माझ्याकडं बघत बसलेली,
लग्नानंतर पहिल्या वर्षी बघायची तशी.

तीनच्या सुमाराला दचकून उठलो.
पाणी स्थिर.
चपला न सापडता जिना उतरलो.
गंगव्वा अंगणात, हातात बॅटरी.
तिनं बोट वर करून तारा दाखवल्या,
मी मान हलवली.
समोरचं दार उघडलं. त्याच्या पलीकडचं.
कुणी बनियनवर, कुणी पोर खांद्यावर घेऊन,
अख्खी गल्ली जागी झालेली,
काहीच ऐकू येत नाही म्हणून.

गंगव्वाला मी हातानंच सांगितलं, तिसरा. सैल.
ती हातानंच म्हणाली, ठाऊक आहे.

लाईट यायच्या आत वर आलो.
पद्मिनीला आत्ता कुठं झोप लागलेली.
घोरत असावी.
उशीचं टोक हलत होतं.